तिथीची पाऊणपट

आमच्या मालवणाकडच्या खाडीत शिंपल्यांची वेळ घड्याळ नव्हे, तिथी ठरवी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्यात 6 तास मिळवले की ओहोटी. पंचमीला पावणेचारला भरती, म्हणजे पावणेदहाला सुकती. आजी त्याच्या तासभर आधी शेजारणींबरोबर टोपली घेऊन चिखलात उतरे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पार लांब ओसरते, पण परतही तेवढ्याच जोराने येते. आजी बजावी, "पाणी फिरला काय आपण फिराचा." तिसऱ्या घरच्या कालवणाला, रिकाम्या शिंपा चुन्याच्या भट्टीला. पुढे सिमेंट आले, भट्ट्या विझल्या. शाळेत आम्ही पाऊणकी घोकली ती मार्कांपुरती. निरक्षर आजीची पाऊणकी चुकली असती, तर खाडीतून बाया परतल्या नसत्या.