एका काचेत नांदताना

लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधला रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे १२ गॅलनच्या काचपात्रात त्याने दोन गोल्डफिश सोडले आणि तळाशी व्हॅलिस्नेरिया ही रिबिनीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली. मासे सोडतील तो कार्बन डायऑक्साइड वनस्पतीने घ्यायचा, वनस्पती सोडेल तो ऑक्सिजन माशांनी; मग पाणी बदलायला नको. पण जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं, काचेवर शेवाळ चढलं. तेव्हा वॉरिंग्टनने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि त्यांची अंडी माशांच्या पोटात गेली. हिशेब जुळला.

एका पेटीत कोणी कोणाबरोबर नांदायचं, या प्रश्नाला मिळालेल्या सुरुवातीच्या शास्त्रीय उत्तरांपैकी हे एक. ते रसायनतज्ज्ञाचं होतं, म्हणून त्यात जमाखर्च होता: कोण काय टाकतो आणि ते कोण उचलतो.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉसचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि काचपेट्या मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोचल्या. माशांच्या जोडीला बेडूक, सरडे, कासवं आली की मात्र वायूंचा हिशेब पुरत नाही. इथला पहिला नियम तोंडाच्या मापाचा: जे तोंडात मावतं ते खाद्य. बेडकाला छोटा मासा चालतो, माशाला बेडकाची पिल्लं चालतात, कासव दोघांच्याही मागे लागतं. दुसरा नियम विषाचा. लाल-नारिंगी पोटाचे ‘फायर-बेलीड’ बेडूक कातडीतून विष सोडतात. ओढ्यात ते वाहून जाईल. चार बादल्या पाण्यात ते शेजाऱ्यांच्या अंगाशी येतं.

तिसरा नियम हवामानाचा. इथे जोन प्रॉक्टरचं नाव घ्यावं लागतं. १९२३ मध्ये ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रमुख झाली. १९२४ च्या नव्या मत्स्यालयातली खडकांची रचना तिची, आणि १९२७ मध्ये उघडलेलं सर्पगृहही तिच्याच आराखड्यावरचं. त्यात वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी ऊब देण्याची सोय होती, कारण वाळवंटातला सरडा आणि दमट रानातला साप यांच्यासाठी एकच तापमान ठरवणं म्हणजे निदान एकाला आजारी पाडणं. १९३१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी ती गेली.

जमाखर्च, तोंड, विष, ऊब. हे सगळं डोळ्यांनी किंवा थर्मामीटरने कळतं. चौथी गोष्ट सहज दिसत नाही. १९३४ मध्ये वर्णन झालेला ‘एन्टअमीबा इन्व्हेडन्स’ हा परजीवी कासवाच्या आतड्यात बहुधा निमूट राहतो. तोच सापाच्या पोटात गेला, तर आतडी आणि यकृत पोखरून त्याला मारू शकतो. कासव आणि साप एकमेकांकडे ढुंकूनही बघत नसतील. भांडण नाही म्हणजे जोडी जमली, असं इथे म्हणता येत नाही.

या चुकीची किंमत पेटीबाहेरही मोजावी लागते. स्पेनच्या मायोर्का बेटावर एक चिमुकला बेडूक आहे. त्याचा नर अंड्यांची माळ मागच्या पायांना गुंडाळून वागवतो, म्हणून त्याला ‘मिडवाइफ टोड’ म्हणतात. जगाला तो आधी जीवाश्मांवरून कळला आणि १९८० च्या सुमारास जिवंत सापडला. तो वाचावा म्हणून बंदिस्त जागेत त्याची पैदास करून पिल्लं बेटावरच्या डोहांत सोडली गेली. पण २००८ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की बेडकांच्या कातडीवर वाढणारी जीवघेणी कायट्रिड बुरशी याच पुनर्वसनातून बेटावर पोचली होती. पैदास केंद्रात दक्षिण आफ्रिकेतल्या एका दुर्मीळ जातीचे बेडूकही ठेवलेले होते. बुरशी बहुधा त्यांच्याकडून आली. हे दोन बेडूक निसर्गात कधीच भेटले नसते. ज्यांनी जीव लावून ती जात जगवली, त्यांच्याच हातून तिच्या घरात रोग गेला.

ही बुरशी विज्ञानाला रीतसर माहीत झाली ती १९९९ मध्ये. म्हणजे पैदास सुरू झाली तेव्हा कोणाला दोष द्यावा, असं ज्ञानच उपलब्ध नव्हतं. पुढे संशोधकांनी डोहांतली पिल्लं बाहेर काढली, त्यांना बुरशीनाशक दिलं, डोह आणि आसपासचे खडक निर्जंतुक केले. २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की डोह बुरशीमुक्त झाले. उघड्या निसर्गात असं यश पहिल्यांदाच मिळालं होतं.

म्हणून सोबती निवडताना ‘हे भांडतील का?’ याच्या आधी ‘हे मुळात शेजारी होते का?’ हे विचारायला हवं. एकाच ओढ्याकाठचे मासे, बेडूक, सरडे एकमेकांच्या रोगांसकट पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले असतात. तेवढ्याने धोका संपत नाही. नव्या प्राण्याला काही काळ वेगळं ठेवावंच लागतं. आणि ज्यांना पुन्हा रानात सोडायचं आहे त्यांच्यासाठी नियम आणखी कडक आहे. पनामात लुप्त होऊ घातलेले बेडूक जहाजी मालाच्या कंटेनरचं रूपांतर केलेल्या बंद खोल्यांत वाढवले जातात. आत मॉस आहे, पानं आहेत, पाणी आहे. परका शेजारी तेवढा नाही.