गळ्यातले चार दाणे

अम्मीचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या बोटांना पेटके आले. कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं तेव्हा मूठ सुटली. थायरॉइडला मागून चिकटलेल्या, बहुधा चार, तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात, हे मला तेव्हा कळलं.

त्यांची पहिली नोंद झाली ती गेंड्यात! १८४९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेला हा गेंडा रिचर्ड ओवेननं चिरून तपासला. गेंडा भारतीय, नाव साहेबाचं. माणसातल्या ग्रंथींचं सविस्तर वर्णन स्वीडनमधल्या उप्सालाच्या इवार सँडस्ट्रॉमनं १८८० मध्ये छापलं. फारशी कुणी दखल घेतली नाही. १८८९ मध्ये त्यानं आत्महत्या केली. दोनच वर्षांनी ग्ले या फ्रेंच शास्त्रज्ञानं दाखवलं, थायरॉइडसोबत या ग्रंथीही काढल्या की सशांना झटके येतात.