पडण्याची विद्या

विजेवरची एकचाकी शिकायला येणाऱ्याला मी आधी गवतावर पडायला लावतो. ही शिस्त जुनीच आहे. 1870च्या दशकात इंग्लंडमध्ये उंच चाकाची सायकल आली. स्वार जवळजवळ चाकाच्या माथ्यावर बसे. चाक दगडाला अडलं की पाय हँडलखाली अडकून तो डोक्यावर आपटे. म्हणून जाणते स्वार उतारावर दोन्ही पाय हँडलवरून पुढे टाकत, म्हणजे फेकले गेले तरी पायांवर उतरता येई. पुढे पायांच्या मागून वळून येणारं व्हॉटन हँडलही निघालं. ते घडवणाऱ्या कारागिरांबद्दल मला फार आदर वाटतो. पडणं त्यांनी गृहीत धरलं होतं. 1885मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची बुटकी ‘रोव्हर’ सायकल आली आणि ही विद्या मागे पडली. एकचाकीची मोटर अचानक थांबली की आजचा स्वारही तसाच पुढे फेकला जातो. म्हणून मनगटाला संरक्षक पट्टा हवाच, आणि हात ताठ न ठेवता खांद्यावरून लोळण घ्यायची.