काउंटरवरच्या पाच प्रती

तबकडीच्या मधल्या मोठ्या भोकात तुमचं बोट आहे. साल 1966, शहर वॉशिंग्टन. सेव्हन्थ स्ट्रीटवरच्या रेकॉर्डच्या दुकानात तुम्ही उभे आहात, बाहेर हॉवर्ड थिएटरकडे निघालेल्यांची वर्दळ आहे. हातात सात इंची, पंचेचाळीस फेऱ्यांची ‘श्राइन’ कंपनीची तबकडी: द कैरोज, ‘स्टॉप ओव्हरलुकिंग मी’. माझ्याकडे काणाडोळा करू नकोस.

सवयीनं तुम्ही ती दिव्याखाली तिरपी धरता. लेबलाच्या कडेला, गाणं संपतं तिथल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला नंबर वाचता. अस्सल की नक्कल, हे तुम्ही एरवी इथेच ताडता. आज त्याची गरज नाही. रेकॉर्डवर साधा ओरखडासुद्धा नाही. किंमत एका डॉलरच्या आत. तुमच्या काळात श्राइनच्या एकेका प्रतीला हजारो डॉलर मोजतात.

दुकानदार सुई टेकवतो. खरखर, मग ठेका, मग पोरांचे एकमेकांत मिसळलेले आवाज. गाणं कुठेच कमी पडत नाही. श्राइन ही कंपनी एडी सिंगलटन आणि रेनोमा गॉर्डी यांनी 1964 मध्ये काढली. मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या उभारणीत बेरी गॉर्डीसोबत राबलेली हीच ती रेनोमा. कान होता, कसब होतं. पण रेडिओवर गाणं लागत नाही म्हणून वितरक माल उचलत नाही, आणि दुकानांत माल नाही म्हणून रेडिओवाले गाणं लावत नाहीत. छोट्या कंपन्या याच कात्रीत मेल्या. श्राइनही दोन-तीन वर्षांत मिटली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. 4 एप्रिल 1968 ला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी येईल आणि हाच रस्ता पेटेल. श्राइनचा उरलेला साठा त्याच जाळपोळीत गेला, असं संग्राहक एकमेकांना सांगत आलेत. मग इंग्लंडच्या उत्तरेकडे पोरं अशाच विसरलेल्या गाण्यांवर रात्र रात्र नाचतील, आणि दुसऱ्याला सुगावा लागू नये म्हणून डीजे लेबलावर कागद चिकटवतील.

काउंटरवर पाच प्रती आहेत. पाचही घेता येतील, खिशात तेवढे पैसे आहेत. तुम्ही एकच घेता. उरलेल्या चार खोक्यात सर्वांत पुढे लावता, नाव दाराकडे करून. तेवढ्यात दार उघडतं. एक मुलगी आत येते आणि खोक्यातल्या तबकड्या चाळू लागते.