भ्रष्टाचार-मापन

भ्रष्टाचार-मापन : सार्वजनिक अधिकाराचा खाजगी लाभासाठी केलेला दुरुपयोग म्हणजे भ्रष्टाचार, अशी त्याची सर्वसाधारण व्याख्या केली जाते. लाच देणारा व घेणारा या दोघांचेही हित गुप्ततेत असल्याने त्याची प्रत्यक्ष मोजणी अवघड असते. खटल्यांच्या वा शिक्षांच्या संख्येवरूनही त्याचे प्रमाण ठरत नाही. कारण ती संख्या तपासयंत्रणेच्या कार्यक्षमतेवरही अवलंबून असते. या अडचणीमुळे देशोदेशींची तुलना मुख्यतः जाणकारांच्या समजुतीवर आधारली गेली.

समजूत व वस्तुस्थिती यांतील अंतराकडे स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मीर्दाल यांनी एशियन ड्रामा (१९६८) या ग्रंथात लक्ष वेधले. भ्रष्टाचाराविषयीच्या प्रवादांना त्यांनी ‘लोककथा’ म्हटले. सर्वच अधिकारी भ्रष्ट आहेत अशी धारणा रूढ झाली, की ती स्वतःच एक सामाजिक वास्तव बनते आणि सचोटीची प्रेरणा क्षीण करते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

परदेशी गुंतवणूकदारांना जोखमीचा अंदाज देणाऱ्या खाजगी संस्था १९८० च्या दशकात देशांना भ्रष्टाचाराबद्दल गुण देत असत. असे गुण वापरून पाओलो मौरो यांनी १९९५ मध्ये भ्रष्टाचार व घटती गुंतवणूक यांचा संबंध दाखविला. जागतिक बँकेतील माजी अधिकारी पेटर आयगेन यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये बर्लिन येथे स्थापन झालेल्या ट्रान्सपॅरन्सी इंटरनॅशनल या संस्थेने १९९५ मध्ये पहिला ‘भ्रष्टाचार समज निर्देशांक’ प्रसिद्ध केला. त्याची रचना जर्मन अर्थशास्त्रज्ञ योहान ग्राफ लाम्ब्सडोर्फ यांनी केली होती. त्यातील ४१ देशांत न्यूझीलंड पहिला व इंडोनेशिया शेवटचा होता. हा निर्देशांक स्वतंत्र पाहणी नसून निरनिराळ्या संस्थांच्या पाहण्यांची सरासरी असते. प्रारंभी कमाल गुण १० होते. २०१२ पासून ० ते १०० ही श्रेणी व नवी पद्धती आली. त्यामुळे त्यापूर्वीच्या गुणांशी नंतरच्या गुणांची तुलना करता येत नाही. २०२४ च्या निर्देशांकात १८० देशांपैकी डेन्मार्क (९० गुण) पहिला, तर भारत (३८ गुण) ९६ वा होता.

या पद्धतीवरील मुख्य आक्षेप उत्तरदात्यांविषयी आहे. ते बहुधा व्यापारी व तज्ञ असतात. कचेरीत प्रत्यक्ष लाच द्यावी लागणारा सामान्य नागरिक त्यांत नसतो. त्याचा अनुभव नोंदविण्यासाठी याच संस्थेने २००३ पासून निराळी जनपाहणी सुरू केली. परदेशात लाच देणाऱ्या कंपन्यांचा दोषही निर्देशांकात त्यांच्या मायदेशाकडे जात नाही. जर्मनीचे स्थान वरचे होते. तथापि परदेशी अधिकाऱ्यांना दिलेली लाच तेथे १९९९ पर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा करता येत असे.

प्रत्यक्ष मापनाचेही प्रयत्न झाले. युगांडात १९९१–९५ या काळात प्राथमिक शाळांसाठी केंद्र शासनाने दिलेल्या विद्यार्थीनिहाय अनुदानापैकी सरासरी सु. १३ टक्केच शाळांपर्यंत पोहोचल्याचे हिशोब ताडून पाहिल्यावर आढळले. यानंतर अनुदानाचे आकडे वृत्तपत्रांत प्रसिद्ध होऊ लागले व शाळांना मिळणारा हिस्सा बराच वाढला. इंडोनेशियातील सहाशेहून अधिक गावांत बेंजामिन ओल्केन यांनी नव्या रस्त्यांचे नमुने खणून साहित्याची मोजदाद करविली, तेव्हा नोंदलेल्या खर्चापैकी सु. २४ टक्के रकमेचा मेळ बसला नाही. ग्रामस्थांच्या समजुतीत काही तथ्य होते, परंतु ते अल्प होते. वाढवून लावलेले दर त्यांच्या ध्यानात येत. कागदोपत्री वाढविलेले खडी-वाळूचे परिमाण मात्र सहसा येत नसे, आणि अपहार मुख्यत्वे त्याच मार्गाने होई.

यावरून समज निर्देशांकाची उपयुक्तता व मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. त्याने पूर्वी वर्ज्य मानलेला विषय आंतरराष्ट्रीय चर्चेत आणण्यास हातभार लावला. परंतु अपहार कोठे व कसा होतो, हे हिशोब व प्रत्यक्ष काम यांच्या पडताळणीवाचून कळत नाही.