६ ऑक्टोबर १८६६ : ब्रायटनचा वेस्ट पिअर खुला

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहरात या दिवशी वेस्ट पिअर, म्हणजे समुद्रात शिरलेला लांब धक्का, लोकांसाठी खुला झाला. बोटी लावण्यापेक्षा समुद्रावर हवा खात मिरवण्यासाठीच तो बांधला होता. अभियंता युजीनियस बर्च याने आटे पाडलेले ओतीव लोखंडाचे खांब चक्क स्क्रूसारखे पिळून समुद्रतळात बसवले. १९१६मध्ये पिअरवर संगीतगृहही आले.

१९७५मध्ये तो बंद करावा लागला. १९८२मध्ये पहिल्या श्रेणीच्या वारशाचा दर्जा मिळाला. पण दर्जाने गंज थोडाच थांबतो! एका ट्रस्टने तो अवघ्या १०० पौंडांना घेतला, दुरुस्तीचा पैसा मात्र वेळेत उभा राहिला नाही. डिसेंबर २००२च्या वादळात काही भाग कोसळला, पुढच्या वर्षी दोनदा आग लागली.

किनाऱ्यावरची जुनी तिकीटघरे तेवढी नंतर डागडुजी करून पुन्हा उभारली गेली.