राखण : माळ्यापासून आपल्या वाफ्यांपर्यंत

सोसायटीच्या इमारतींचा, कमिट्यांचा आणि गणेशोत्सवाचा इतिहास या स्मरणिकेत येणारच आहे. मी लिहितोय मागच्या मोकळ्या जागेतल्या भाजीच्या राखणीबद्दल. वाफे इनमिन चार, पण गेल्या वार्षिक सभेत त्यांच्यावरून लिफ्टच्या खर्चापेक्षा जास्त वाद झाला. मेथी-पालकाचे कोंब चिमण्या खुडतात, पेरलेला वाटाणा पारवे टिपतात, टोमॅटोला रंग आला की बुलबुल हजर आणि मिरच्यांवर राघू. काहींचं मत, ‘सगळ्यावर नायलॉनची जाळी टाका.’ ती टाकली, तर तिच्यात बुलबुल अडकून मेला. मग काहींचं म्हणणं, ‘बागच नको.’

हा तंटा फार जुना आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं, तेव्हा सातवाहन काळातली वस्ती सापडली. त्याच सातवाहन कुळातल्या हाल राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘गाथासप्तशती’त भाताचं शेत राखणाऱ्या बायका आहेत आणि राघूही आहेत.

आपल्या आज्या-पणज्यांनीही हेच केलं. शाळू दाण्यात आला की चार मेढी रोवून माळा घालायचा, वर उभं राहून अंबाडीच्या वाखाची गोफण फिरवायची आणि ‘हुर्रर्र’ म्हणून आरोळी ठोकायची. निम्मं काम आवाजावरच व्हायचं. उठलेला थवा शेजारच्या शेतात उतरला की तिथला राखणदार आरोळी द्यायचा. पाखराला जिवे मारणं हा राखणीचा अर्थ नव्हता. त्याला एका जागी ठाण मांडू द्यायचं नाही, एवढंच. शेत राखायला बसवलेल्या तुकोबांनी पाखरांना दाणे टिपू दिले, तरी रास नेहमीपेक्षा मोठी भरली, ही आख्यायिका तर घरोघरी सांगितली जायची.

मग आपल्या शिवारात पाणी आलं. शाहू महाराजांनी सुरू केलेलं राधानगरीचं धरण आणि त्यानंतरची धरणं, यांच्यावर ऊस वाढला. उसाला राखणदार लागत नाही. शाळू हटला तसे माळे गेले, गोफणी खुंटीला लागल्या. राखणीचं माणूस गेलं आणि त्याची जागा जाळीनं घेतली.

पाखरंच नकोत, असं ठरवून चीनने पाहिलं आहे. १९५८ साली तिथे चिमण्यांविरुद्ध मोहीम निघाली. लोकांनी भांडी-ढोल बडवून त्यांना दमून पडेपर्यंत उडवलं. चिमण्या संपल्या तशी पिकांवर कीड माजली आणि १९६० मध्ये चिमणीचं नाव यादीतून काढून ढेकणाचं घालावं लागलं. चिमणी पिल्लांना अळ्या-किडे भरवते, हा हिशेब कुणी धरला नव्हता. आपल्याकडे तर राघू-बुलबुलांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

म्हणून माझं म्हणणं असं : बाग ठेवू या आणि राखणही करू या. पेरल्यावर पहिले पंधरा दिवस वाफ्यावर डालगं पालथं घाला किंवा बाभळीच्या शिऱ्या पसरा. बुजगावणं दर दोन-तीन दिवसांनी हलवा. एका जागी राहिलं तर पाखरं त्याच्याच डोक्यावर बसतात. टोमॅटोने रंग धरला की तोडून घरात पिकवा. जाळी लागलीच तर जाड धाग्याची, नजरेला दिसणारी घ्या, चहूबाजूंनी ताणून बांधा आणि पीक निघताच काढून ठेवा. आणि सकाळी सहा ते आठ एकाने तिथे फिरत राहायचं, कारण पाखरं उजाडता उजाडताच चरायला उतरतात. फिरायला जाणारे आपण एवीतेवी इमारतींभोवती फेऱ्या मारतोच, त्यातल्या चार बागेकडे. सुट्टीत पोरांनाही पाळी द्या. आरोळी ठोकायची परवानगी मिळाली तर ती आपणहून उठतील.

कडेचा एक वाफा पाखरांसाठी सोडावा, असंही मी सुचवतो. येत्या सभेत हा विषय निघेल तेव्हा पाळीच्या वहीत पहिलं नाव माझं लिहा.